दिवसाला ८० रुपये आणि रात्रीचे साडेआठ

खानापूर तालुक्यातल्या गावातनं मी बेळगावला उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला आलो, तेव्हा मला चहासुद्धा धड करता येत नव्हता. खोलीत आम्ही तिघं. वडिलांनी एक वही हातात दिली होती, रोजचा खर्च लिहायला. महिनाअखेरीला ती उघडून बसलो तर गंमत कळली. किराण्याला, भाजीला फारसं काही गेलंच नव्हतं. पैसे गेले होते ते असे : रात्री एगराईस, रात्री पाव-आम्लेट, रात्री एगराईस, रात्री पावभाजी.

कारण सोपं होतं. कामावरनं साडेआठला खोलीवर यायचं, पातेलं रिकामं, डब्यात कच्चे तांदूळ, कोपऱ्यात दोन कांदे. भूक अशी लागलेली की चाळीस मिनिटं थांबायची ताकद नाही. पाय आपोआप गाडीकडं वळायचे. म्हणून नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्यांदा हेच सांगतो : डाळ कुठं चार रुपयांनी स्वस्त मिळते ते नंतर बघू. रात्री साडेआठला तुमच्या खोलीत पंधरा मिनिटांत पोट भरेल असं काय असतं, ते आधी सांगा. खालचं सगळं त्याच बेतानं लिहिलं आहे.

आधी हिशोब

एका माणसाचा, दिवसाला ८० रुपयांचा, दोन वेळचं जेवण, न्याहारी आणि दोन चहा धरून. भाव मी अंदाजानं धरलेत, तुमच्या गल्लीत पाच रुपये इकडंतिकडं होणार.

जोंधळ्याचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ २०० ग्रॅम, दळणासकट ५५ रुपये किलोनं ११ रुपये. तांदूळ १५० ग्रॅम, ८ रुपये. डाळ किंवा कडधान्य ७० ग्रॅम, ८ रुपये. शेंगदाणे ३० ग्रॅम, ४ रुपये. तेल २५ मिली, म्हणजे पोह्याचे पाचेक चमचे, ४ रुपये. भाजी, कांदा, टोमॅटो १५ रुपये. एक अंडं ७. दूध पाव लिटर १२. चहापावडर आणि साखर ४. मीठ, तिखट, लसूण, हळद ४. बेरीज ७७. उरलेले ३ रुपये साठवा, महिन्याला ९० होतात. खोलीत चौघं असाल तर त्यातनं महिन्यात एकदा किलोभर चिकन निघतं. गॅस वेगळा.

एवढ्यात अंगाला काय मिळतं, असं घरून आई फोनवर विचारतेच. तर साधारण २२०० कॅलरी आणि सत्तरेक ग्रॅम प्रथिनं. साठ किलोच्या माणसाला पुरेसं आहे. यातली जवळजवळ वीस ग्रॅम प्रथिनं एकट्या जोंधळ्याची, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही; भाकरी म्हणजे नुसता पोटाला आधार असं आपण समजतो. फाउंड्रीत उभ्यानं, अंगमेहनतीचं काम असेल तर आणखी दोन भाकऱ्या आणि मूठभर शेंगदाणे वाढवा, दहा-अकरा रुपयांत भागतं.

कुठल्या गावात उतरलाय ते बघा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग म्हटला तरी सगळीकडं ताट सारखं नाही. खानापूर, जांबोटीकडं पाऊस धो-धो, तिथं भात पिकतो. तिकडं खोली असेल तर तांदळावर भर द्या. गावातल्या गिरणीतनं कणी, म्हणजे तुकडा तांदूळ, घेतली तर अख्ख्या तांदळापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि आमटीभाताला काही फरक कळत नाही. अथणी, रायबाग, बैलहोंगल, सौंदत्ती हा कोरडा पट्टा, तिकडं जोंधळा. निपाणी-चिकोडीकडं कोल्हापूरचं वळण, गूळ चांगला आणि स्वस्त. बेळगाव शहर मधोमध असल्यामुळं इथं दोन्ही मिळतं, पण म्हणून दोन्ही महागातलं घ्यायचं नाही. इंद्रायणीचा वास चांगला, कबूल, पण तो सणाला. रोजच्याला सोना मसुरी, नाहीतर दुकानदार 'जाडा' म्हणून देतो तो.

जोंधळ्यातही दोन. शाळू म्हणजे रब्बीचा, पांढरा, गोड, महाग. पावसाळी हायब्रीड स्वस्त, पण भाकरी जरा काळपट आणि लवकर कडक होते. नवशिक्यानं शाळूच घ्यावा असं माझं मत आहे. हायब्रीडची भाकरी थापताना दहावेळा मोडते आणि अकराव्या वेळी माणूस ब्रेड आणतो, त्यात वाचवलेले पैसे गेले.

भांडी

तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा, एक पातेलं, परात, उलथनं, खलबत्ता. बस. मिक्सर नको. नॉनस्टिक तवा घेतला असेल तर तो डोशाला ठेवा, भाकरी त्यावर होत नाही. गॅसची पाच किलोची छोटी टाकी एकट्याला परवडते असं वाटतं, पण किलोच्या हिशोबानं ती घरगुती मोठ्या टाकीपेक्षा महाग पडते. तिघं-चौघं असाल आणि कनेक्शन मिळत असेल तर मोठीच घ्या.

बाजार

बेळगावचा आठवड्याचा बाजार शनिवारी. गणपत गल्ली, नरगुंदकर भावे चौक, कांबळी खूट या भागात एरवीही रोज भाजी असते, आणि सकाळी कडोली, येळ्ळूर, सुळगा अशा आसपासच्या गावांतनं बायका स्वतःच्या रानातली भाजी घेऊन बसतात. किराण्याला रविवार पेठ. भाजी घ्यायची योग्य वेळ संध्याकाळी सहाच्या पुढं. त्या बायकांना शेवटची बस गाठायची असते, बुट्टीत चार पेंड्या राहिलेल्या असतात, मग दहाला दोन असलेली मेथी दहाला तीन होते. मात्र विकणारी बाई आपणहून कमी करते तेवढंच. जिच्या पुढ्यात पाच वाट्यांचा माल आहे तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. मोठ्या दुकानात छापील भाव मुकाट्यानं देतो ना आपण? दुसरं म्हणजे तीच बाई पुढच्या शनिवारी तुम्हाला ओळखते आणि कढीपत्ता, दोन मिरच्या तशाच टाकते.

शहरात मराठी चालतं. पण बैलहोंगल, गोकाककडं गेलात, किंवा पोत्यावरची पाटी वाचायची वेळ आली, तर थोडं कन्नड लागतं. पुण्याकडनं किंवा कोकणातनं आलेल्यांसाठी : 'एष्ट्री?' म्हणजे कितीला. 'कडिमी माड्री', कमी करा. 'कोड्री', द्या. हत्तु दहा, इप्पत्तु वीस, मूवत्तु तीस, नलवत्तु चाळीस, ऐवत्तु पन्नास. कायीपल्ले म्हणजे भाजी, उळ्ळागड्डी कांदा, बदनीकाई वांगं, अक्की तांदूळ, जोळ जोंधळा, तोगरी ब्याळी तूरडाळ, हुरळी म्हणजे आपले कुळीथ. अंबाडीला पुंडी म्हणतात. मटकी मागितली आणि दुकानदारानं 'मडकी?' असं विचारलं तर घाबरू नका, तेच आहे ते. आणि आमच्याकडं 'चटणी' म्हटलं की दोन अर्थ निघतात : एक शेंगदाण्याची वगैरे, दुसरी म्हणजे लाल तिखट-मसाला. आमटीत 'दोन चमचे चटणी घाल' असं कुणी सांगितलं तर शेंगदाण्याची घालू नका. एकानं घातली होती.

तिखटाला संकेश्वरी मिरची तिखट, ब्याडगी रंगाला. दोन्ही मिसळून पाव-पाव किलोचं दळून आणलं की एकट्याला तीन-चार महिने जातं. पाकिटातल्या दहा-दहा रुपयांच्या मसाल्यांपेक्षा हे कितीतरी स्वस्त.

रेशनचं एक लक्षात ठेवा. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजकडनं आला असाल आणि घरच्या रेशनकार्डावर मोफत धान्य मिळत असेल, तर एक देश एक रेशनकार्ड योजनेखाली तुमच्या वाट्याचं धान्य इथल्या रेशन दुकानातही घेता येतं. महाराष्ट्र आणि कर्नाटक जानेवारी २०२० पासून त्यात आहेत. माणशी महिन्याला ५ किलो. कार्डाला आधार जोडलेलं हवं आणि अंगठा लागतो. कर्नाटक सरकार आपल्या कार्डधारकांना अन्नभाग्यमधनं जे वरचं देतं ते बाहेरच्या कार्डाला मिळत नाही. आधी घरी फोन करून विचारा, तुमचा वाटा तिकडं उचलला तर इकडं मिळणार नाही.

अगदीच खिसा रिकामा असेल त्या दिवशी कर्नाटक सरकारचं इंदिरा कॅन्टीन आहे. न्याहारी ५ रुपये, जेवण १० रुपये. त्यात लाजायचं काही नाही.

भाकरी

हे आलं की निम्मं काम झालं. भाकरीला तेल लागत नाही, दोन खाल्ल्या की चार तास भूक नाही, आणि सोबत नुसती चटणी-कांदा असला तरी जेवण होतं. पोळीचं तसं नाही, पोळीला भाजी लागतेच.

मला शिकवलं शेजारच्या आक्कांनी. वडगावात विणकर घर होतं त्यांचं, दिवसभर मागाचा खटखट आवाज. माझी पहिली भाकरी हातातच दोन तुकडे झाली तेव्हा त्या दारातनं बघत होत्या. म्हणाल्या, "घाई काय करूलास? पीठ मळलंसच कुठं, नुसतं भिजवलंस की."

तीच सगळी गोम आहे. करायचं असं. परातीत एका भाकरीपुरतं पीठ घ्या, दोन मुठी. एकदम चारीचं भिजवू नका. मधे खळगा करून कढत पाणी थोडं थोडं ओता, आधी चमच्यानं हलवा, मग हाताला सोसेल तेव्हा तळहाताच्या टाचेनं रगडा. पीठ पुढं ढकलायचं, परत ओढायचं, पुन्हा ढकलायचं. दोन मिनिटं. सुरुवातीला ते वाळूसारखं सुटं वाटतं, मग एका क्षणी परातीला चिकटायचं सोडून स्वतःलाच चिकटायला लागतं. तो क्षण हाताला कळतो, सांगून कळत नाही. जोंधळ्याच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, तो या रगडण्यानं आणि गरम पाण्यानंच आणायचा असतो.

गोळा करा, परातीत कोरडं पीठ भुरभुरा, गोळा त्यावर ठेवून बोटांनी नव्हे तर पंजानं थापा. थापता थापता भाकरी आपोआप फिरते. फिरली नाही तर खाली पीठ कमी आहे. कडेला चिरा पडल्या तर ओल्या बोटानं मिटवा. ताटलीएवढी झाली की हातावर घेऊन तव्यावर टाका, पिठाची बाजू वर. तवा कडक तापलेला हवा. लगेच वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. पाणी वाळत आलं, पूर्ण वाळायच्या आत, उलटा. ही बाजू नीट भाजू द्या, डाग पडेपर्यंत. मग तवा बाजूला काढून पहिली बाजू थेट जाळावर. फुगली तर आनंद. नाही फुगली तरी खायला तितकीच चांगली, चिडू नका.

पंधरा दिवस तरी मोडणार. तोवर सोपा रस्ता म्हणजे उकड. वाटीभर पाण्यात मीठ घालून उकळी आणा, गॅस बंद करून वाटीभर पीठ टाका, हलवून पाच मिनिटं झाका. मग गरम असतानाच मळा आणि चक्क लाटण्यानं लाटा. आक्कांना हे पटायचं नाही, पण ही भाकरी मोडत नाही आणि सकाळी केलेली रात्रीपर्यंत मऊ राहते.

पीठ एका वेळी दोन किलोच दळून आणा. महिनाभर जुन्या पिठातला चिकटपणा जातो आणि मग कितीही रगडा, कडा फाटतातच. अशा जुन्या पिठाचा दोष बरेच जण स्वतःच्या हाताला देतात.

रात्री भिजत घालणं

झोपताना मूठभर कडधान्य पाण्यात. दात घासण्यासारखी सवय लावून घ्या. मोजायचं असेल तर माणशी अर्धी वाटी. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पाणी काढून फडक्यात बांधून ठेवा, रात्री आलात की मोड आलेले असतात. मोड आले नाहीत तरी भिजलेलं तर आहे, कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत शिजतं. कोरडं टाकलं असतं तर आठ शिट्ट्या आणि वर अर्धा तास वाट. साडेआठला हाच फरक पडतो.

गॅस वाचवायला आणखी एक : दोन शिट्ट्या झाल्या की बंद करा आणि कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून अंघोळीला जा. परत येईपर्यंत आतल्या वाफेवर शिजून होतं.

आता कुठलं कडधान्य. मटकी सगळ्यांना येते, तिच्यावर वेळ घालवत नाही. अख्खा मसूर मात्र इथं राहून खाल्ला नाही असं करू नका. बेळगावच्या आसपास भात कापल्यावर त्याच काळ्या रानात मसूर, वाटाणा, हरभरा घेतात, त्यामुळं थंडीच्या शेवटाला गावठी मसूर बाजारात येतो. दाणा बारीक, चव वेगळी. तासभर भिजला तरी पुरे. दोन कांदे बारीक चिरून तेलात चांगले लाल होईस्तोवर परता, लसूण ठेचून, एक टोमॅटो, दीड चमचा चटणी (लाल, सांगितलं ना वर), मसूर, मीठ, आणि वर तीन बोटं पाणी. तीन-चार शिट्ट्या. नंतर डावानं थोडे दाणे घोटून घेतले की रस्सा दाट होतो. गरम मसाला, खोबरं काही लागत नाही. कांद्यात कंजूषपणा केला तर मात्र पाणचट होतं.

पण खरा पैसे वाचवणारा म्हणजे कुळीथ. एका शिजवण्यात दोन पदार्थ. रात्री भिजवलेले वाटीभर कुळीथ सहा वाट्या पाण्यात घालून पाच-सहा शिट्ट्या करा. कुकर लहान, त्यामुळं निम्म्याच्या वर भरू नका, नाहीतर शिट्टीतनं तांबडं पाणी भिंतीवर. मग गाळून घ्या. ते पाणी फेकायचं नाही, तेच कळण. त्याला तेल-जिरं-लसूण-सुकी मिरचीची फोडणी, दोन आमसुलं, चिमूटभर गूळ. भातावर ओतून खा, उरलेलं पेल्यातनं प्या. पावसाळ्यात सर्दी झाली की आमच्याकडं औषधाआधी हे देतात. खाली राहिलेल्या कुळथाला कांदा-मिरचीवर परतून कोरडी उसळ, ती भाकरीला. दोघांचं जेवण, आणि कुळथाचा खर्च पंधरा रुपयांच्या आत.

सोयाबीनच्या वड्याही स्वस्त, निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात त्यात. मला आवडत नाहीत. तुम्हाला आवडत असतील तर गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, मग तो वास जातो, म्हणजे बराचसा जातो.

हिरवं, न शिजवता

उत्तर कर्नाटकातली एक सवय मी इथं येऊन उचलली. तिकडं भाकरीबरोबर कोवळी मेथी, कांद्याची पात, मुळा कच्चाच खातात. मेथी धुऊन बारीक चिरा, कांदा, टोमॅटो, शेंगदाण्याचं कूट, मीठ, थोडं तिखट, असेल तर चमचाभर दही. झाली पचडी. पाच रुपयांची पेंडी, गॅस शून्य. दोनदा धुवा मात्र, मातीचे कण दाताखाली आले की पुन्हा कच्चं खायची इच्छा राहत नाही.

अंबाडी, शेपू, चाकवत हे भाव बघून. एक डाळ शिजत असेल तर मूठभर पाला त्यातच टाकला की भाजी आणि आमटी एका भांड्यात. हिवाळ्यात रताळी भरपूर; बेळगावच्या तांबड्या मातीतली रताळी लांबलांबपर्यंत जातात, इथं ती दाराशी आहेत. कुकरमध्ये डाळीच्या डब्यावर दोन रताळी ठेवली की वेगळा गॅस न जाळता दुसऱ्या दिवशीची न्याहारी तयार.

साडेआठचा बंदोबस्त

आता मूळ मुद्दा. खोलीत या चार गोष्टी संपू द्यायच्या नाहीत.

शेंगा चटणी. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं काढा. पंधरा पाकळ्या लसूण, दोन-तीन चमचे तिखट, चमचाभर जिरं, मीठ. खलबत्त्यात आधी लसूण-जिरं-मीठ, मग शेंगदाणे थोडे थोडे घालून कुटा. कुटता कुटता शेंगदाण्याला तेल सुटतं आणि चटणी हाताला ओलसर लागते, तिथं थांबा. वरनं तेल घालावं लागत नाही. मिक्सरला लावली तर भुकटी होते, ही गोळी होते, चव वेगळीच. चाळीसेक रुपयांत होते, एका माणसाला दहा-बारा दिवस. कोरडा चमचा वापरला तर आणखीही टिकते.

कडक भाकरी. जोंधळ्याची पापडासारखी वाळवलेली, पाकिटात मिळते. महाग पडते, म्हणून रोजची नव्हे. अंगात ताप आहे, ओव्हरटाईम झालाय, अशा रात्रींसाठी. आमटीत मोडून टाका किंवा चटणी-तेलाबरोबर तशीच.

बेसन. झुणका दहा मिनिटांत होतो. कांदा जास्त, तेल थोडं, पाणी उकळलं की बेसन वरनं भुरभुरत एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं हलवत राहायचं. गुठळी झालीच तर डावाच्या पाठीनं दाबा, कुणी बघत नाही.

चौथं म्हणजे सहा अंडी. रस्सा उरला असेल तर त्यातच फोडून टाका, झाकण ठेवा, चार मिनिटं.

आणि सकाळी भाकरी करताना दोन जास्त करायच्या. रात्री नुसता तवा तापवायचा, पाण्याचा हात लावून शेकायच्या. शिळी म्हणून नाक मुरडू नका. अगदीच कडक झाल्या तर कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परता, चिमूटभर साखर, लिंबू. मोकळेपणानं सांगतो, मला ताज्या भाकरीपेक्षा हीच आवडते. उरलेल्या भाताचं तसंच : हळद, शेंगदाणे, लिंबू घालून चित्रान्न. उन्हाळ्यात मात्र फ्रिज नसताना रात्रीचा भात सकाळपर्यंत ठेवू नका, तेवढाच करा. आमटी उरलीच तर झोपताना एकदा आणि सकाळी एकदा खळखळून उकळा. वास जरा आंबट वाटला तर टाकून द्या, आठ रुपयांच्या डाळीसाठी पोट बिघडवून घेऊ नका.

पावसाळा

इथला पाऊस जूनमध्ये लागला की ऊन दिसायची पंचाईत. पहिल्या वर्षी मी मोठ्या हुशारीनं मे महिन्यात दहा किलो तांदूळ, पाच किलो तूरडाळ आणि चार किलो दळलेलं पीठ भरून ठेवलं, घाऊक भावात. जुलैत पिठाला जाळी लागली, डाळीत टोके, आणि पत्र्याच्या डब्याच्या तळाला ओल. निवडून, पाखडून, तव्यावर गरम करून अर्धं वाचवलं. घाऊकात वाचवलेले दीडशे रुपये त्यातच गेले, वर तीन रविवार गेले ते वेगळेच.

तेव्हा जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरतंच घ्या. साठवायचंच असेल तर मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस वाळवून, गार झाल्यावर डब्यात, वर कडुलिंबाचा सुकलेला पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावतात, किलोला चमचाभर. शिजवायच्या आधी कोमट पाण्यानं धुतली की वास राहत नाही. कडधान्याला या दिवसांत मोड उशिरा येतात, फडकं ओलं राहून वास मारतं. रात्री एकदा पाण्यातनं काढून पुन्हा बांधा आणि गरम कुकरच्या शेजारी ठेवा.

भाज्या याच दिवसांत महाग होतात, पालेभाजी चिखलानं भरलेली. तेव्हा सुकट. कारवार-गोव्याकडनं येते, मूठभर भाजून कांद्याबरोबर परतली की दोन भाकऱ्या जातात. खोलीमालक शाकाहारी असेल तर विचारून, वास तीन घरं पोचतो.

न्याहारीचं सांगायचं राहिलं. रोज पोहे नकोसे होतात. इकडं सुसला करतात : चिरमुरे पाण्यात बुडवून लगेच घट्ट पिळायचे, कांदा-मिरची-कढीपत्ता-हळदीच्या फोडणीत टाकायचे, वर डाळ्याचं पीठ दोन चमचे आणि लिंबू. पाच मिनिटं, आठ-दहा रुपये. डाळ्याला दुकानात पुटाणी म्हणा, पटकन मिळेल. पावसात चिरमुरे डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा, नाहीतर एका रात्रीत मऊ पडतात. पडलेच तर टाकू नका, सुसल्यासाठी ते भिजवायचेच असतात.